टेस्टचा लॉग कसा असावा? चूक पुन्हा घडवता येईल इतकी नोंद



मागच्या काही पाठांत आपण टेस्ट केस कशी लिहायची, असर्ट कशासाठी असतं आणि बऱ्याच टेस्ट एकत्र करून टेस्ट सूट कसा तयार होतो हे पाहिलं. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. टेस्ट सूट चालून गेल्यावर मागे जी नोंद उरते, तिला आपण लॉग म्हणतो. या लॉगमध्ये नेमकं काय लिहिलेलं असावं? प्रोजेक्टमध्ये या प्रश्नाकडे फार कोणी लक्ष देत नाही. टेस्ट पास झाली की हिरवी खूण, फेल झाली की लाल, एवढ्यावर काम भागतं असं वाटतं. पण लाल खूण दिसल्यानंतर चूक सापडायला दहा मिनिटं लागणार की चार दिवस, हे बहुतेक वेळा लॉगवरच ठरतं.

१. लॉग कोणासाठी असतो?

लॉग वाचणारा माणूस टेस्ट चालली तेव्हा तिथे हजर नसतो, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. टेस्ट रात्री सर्व्हरवर आपोआप चालते आणि लॉग सकाळी कोणीतरी उघडतो. तो माणूस तुम्ही स्वतः असलात तरी तीन महिन्यांनी कोड तुम्हालाही परका झालेला असतो.

अशा माणसाला लॉगकडून दोन गोष्टी हव्या असतात. एक, काय बिघडलं ते कळावं. दोन, तेच बिघाड त्याला आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा घडवता यावं. यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चूक पुन्हा घडवता आली की डीबगर लावता येतो, एकेक ओळ तपासता येते, आणि दुरुस्ती केल्यावर ती खरंच झाली का हेही बघता येतं. पुन्हा घडवताच आली नाही, तर उरतो फक्त अंदाज.

म्हणून आजच्या पाठाचा नियम एका वाक्यात सांगता येतो: एका वेळेपासून दुसऱ्या वेळेपर्यंत जे जे बदलू शकतं, ते ते लॉगमध्ये आलं पाहिजे. कोड बदलतो, मशीन बदलतं, वेळ बदलते, टेस्टचा क्रम बदलतो, यादृच्छिक म्हणजे रँडम आकडे बदलतात. हे सगळं लिहिलेलं असेल तर ती रात्र पुन्हा उभी करता येते.

२. एक उदाहरण: ग्रंथालयाचा दंड

समजा तुम्ही कॉलेजच्या ग्रंथालयासाठी एक छोटं सॉफ्टवेअर केलंय. पुस्तक उशिरा परत केलं तर दर दिवशी २ रुपये दंड. त्याची टेस्ट अशी: भारतीय वेळेनुसार आजची तारीख घ्या, पाच दिवस मागे जा, ती पुस्तकाची मुदत समजा आणि दंड मोजा. उत्तर १० रुपये यायला हवं.

तुमच्या लॅपटॉपवर टेस्ट पास होते. कितीही वेळा चालवा, पासच. सर्व्हरवर मात्र रोज रात्री आपोआप चालणारी तीच टेस्ट फेल होते. सकाळी येऊन सर्व्हरवर हाताने चालवली तर पास! लॉगमध्ये एवढंच दिसतं:

दंडमोजणी – फेल

यावरून काय कळणार? काहीच नाही. आता थोडा बरा लॉग बघा:

दंडमोजणी – फेल. अपेक्षित १०, मिळाले ८. वेळ २०:४५

एक दिवस कमी मोजला जातोय एवढं आता कळलं. वेळही मिळाली. म्हणून तुम्ही रात्री पावणेनऊला लॅपटॉप उघडून टेस्ट चालवता, आणि ती पास होते. डोकं धरून बसायची वेळ येते.

आता हा लॉग वाचा:

दंडमोजणी – फेल. अपेक्षित १०, मिळाले ८. मुदत २०२५-०८-०१. कोडने धरलेली आजची तारीख २०२५-०८-०५. मशीनची वेळ २०२५-०८-०५ २०:४५, टाइमझोन यूटीसी.

इथे सगळं उघडं पडतं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे सर्व्हरवर ५ ऑगस्टचे २०:४५ वाजलेत तेव्हा आपल्याकडे ६ ऑगस्टची पहाटेची सव्वादोनची वेळ आहे. टेस्टने भारतीय तारीख धरली ६ ऑगस्ट, कोडने मशीनची तारीख धरली ५ ऑगस्ट. म्हणून पाचऐवजी चार दिवस आणि १० ऐवजी ८ रुपये. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या काळात सर्व्हरवर ही टेस्ट फेल होणार आणि दिवसभर पास होणार. लॅपटॉपचं घड्याळच भारतीय वेळेवर असल्यामुळे तिथे ती कधीच फेल होणार नाही.

तिन्ही लॉगमध्ये टेस्ट तीच, कोड तोच. फरक आहे तो लिहिलेल्या चार-पाच शब्दांचा. आणि ही फक्त टेस्टची गोष्ट नाही हेही लक्षात घ्या. हाच कोड वापरात आला तर पहाटे चालणाऱ्या हिशोबात सगळ्यांचाच दंड एक दिवसाने चुकेल.

३. लॉगमध्ये काय काय हवं?

आता एकेक मुद्दा क्रमाने घेऊ.

(अ) टेस्टचं नाव आणि नेमका निकाल

"टेस्ट १७ फेल" असं लिहू नका. मध्ये एखादी नवी टेस्ट आली की १७ ची १८ होते. पूर्ण नाव लिहा, फाइलचं नाव आणि ओळ क्रमांकही द्या.

निकाल दोनच प्रकारचे असतात असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर किमान चार असतात. *पास*, *फेल*, म्हणजे टेस्ट चालली पण उत्तर चुकलं, *एरर*, म्हणजे टेस्ट मध्येच कोसळली, उत्तरापर्यंत पोचलीच नाही, आणि *स्किप*, म्हणजे टेस्ट चालवलीच नाही. जेयुनिटच्या धाटणीच्या एक्सएमएल अहवालात फेल आणि एरर वेगवेगळे नोंदवतात, ते याचसाठी. डेटाबेसच सुरू नव्हता म्हणून टेस्ट कोसळली असेल, तर दंडाच्या सूत्रात चूक शोधत बसण्यात अर्थ नाही. आणि स्किप असेल तर कारण लिहाच. नाहीतर सूट हिरवा दिसतो आणि त्यातल्या चाळीस टेस्ट वर्षभर चाललेल्याच नसतात.

काही ठिकाणी फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवण्याची सोय असते. ती वापरत असाल तर प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवा. "पास" आणि "तिसऱ्या प्रयत्नात पास" यात मोठा फरक आहे.

(आ) अपेक्षित काय, मिळालं काय, आणि तेही जसंच्या तसं

असर्ट फेल झालं की दोन्ही किमती लॉगमध्ये यायला हव्यात, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या कशा छापायच्या, तिथे गडबड होते. हा लॉग बघा:

अपेक्षित ०.३०, मिळाले ०.३० – फेल

हे कसं शक्य आहे? छापताना दोन दशांश स्थळांपर्यंत गोल केलं म्हणून. संगणकात ०.१ आणि ०.२ ची बेरीज प्रत्यक्षात ०.३०००००००००००००००४ अशी येते, कारण हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत. लॉगने गोल करून नेमका तोच फरक लपवला.

मराठी मजकुराच्या बाबतीत तर ही अडचण आपल्या घरचीच. हे बघा:

अपेक्षित "दुसऱ्या", मिळाले "दुसऱ्या" – फेल

डोळ्यांना दोन्ही शब्द सारखे. पण युनिकोडमध्ये यातला ऱ्य दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ऱ (क्रमांक ०९३१), मग हलन्त, मग य. दुसरा म्हणजे साधा र (०९३०), मग हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (२००डी), मग य. पडद्यावर अक्षर एकच, आत साठवलेले आकडे वेगळे. एका कीबोर्डवरून पहिला प्रकार टाइप होतो, दुसऱ्यावरून दुसरा. अशा वेळी लॉगमध्ये नुसता शब्द छापून उपयोग नाही. सोबत शब्दाची लांबी आणि प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक छापा. शेवटी राहून गेलेली मोकळी जागा, टॅब, नवी ओळ यांचंही असंच. किमतीभोवती अवतरणचिन्हं टाकण्याची सवय ठेवली तरी यातल्या निम्म्या भानगडी लगेच दिसतात.

(इ) इनपुट आणि रँडमचं बीज

टेस्टला काय दिलं हे लॉगमध्ये हवं. इनपुट छोटं असेल तर पूर्ण छापा. मोठी फाइल असेल तर तिचं नाव, आकार आणि चेकसम द्या, म्हणजे नंतर कोणी फाइल बदलली तर कळेल.

टेस्ट रँडम आकडे वापरत असेल तर सीड, म्हणजे बीज, लिहिल्याशिवाय पुढे जाऊच नका. संगणकाचे नेहमीचे रँडम आकडे एका सूत्रातून निघतात. तेच बीज दिलं की तीच मालिका पुन्हा येते. बीज लिहिलेलं नसेल तर हजारात एकदा दिसणारी चूक तुम्हाला पुन्हा हजार वेळा शोधावी लागेल. म्हणूनच टेस्टचा क्रम पिसणारं पायटेस्ट-रँडमलीसारखं साधन सुरुवातीलाच आपलं बीज छापतं. हायपोथेसिस हे साधन तर टेस्ट ज्या इनपुटवर फेल झाली ते शक्य तेवढं लहान करून दाखवतं.

पायथनमध्ये आणखी एक छुपं बीज असतं. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचे हॅश दर वेळी वेगळे येतात, त्यामुळे सेटमधल्या शब्दांचा क्रम दर रनला बदलू शकतो. तुमची टेस्ट या क्रमावर अवलंबून असेल तर कधी पास, कधी फेल असा खेळ सुरू होतो. पायथनहॅशसीड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवून दिला आणि लॉगमध्ये लिहिला की हा खेळ थांबतो.

(ई) कोणता कोड, कोणतं मशीन

गिट वापरत असाल तर कमिटचा हॅश लिहा. शाखेचं नुसतं नाव पुरत नाही, कारण शाखा रोज पुढे सरकते. कमिट न केलेले बदल मशीनवर होते का, हेही लिहा. नाहीतर लॉगमधल्या कमिटवर जाऊन तुम्ही जो कोड तपासाल, तो मुळात चाललेलाच नसेल.

मशीनबद्दल: ऑपरेटिंग सिस्टीम, भाषेची आवृत्ती, सगळ्या लायब्ररींच्या *प्रत्यक्ष बसवलेल्या* आवृत्त्या, टाइमझोन, लोकेल, किती टेस्ट एका वेळी समांतर चालल्या, आणि कोडवर परिणाम करणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. हे सगळं प्रत्येक टेस्टसोबत लिहायची गरज नाही. रनच्या सुरुवातीला एकदाच वीस-पंचवीस ओळींत आलं तरी चालतं.

(उ) वेळ

सुरुवातीची वेळ टाइमझोनसकट लिहा. का, ते वरच्या उदाहरणात दिसलंच. त्याशिवाय प्रत्येक टेस्टला किती वेळ लागला तेही लिहा. एरवी २ सेकंदांत होणारी टेस्ट आज २८ सेकंद घेऊन पास झाली, तर ती उद्या ३० सेकंदांच्या मर्यादेवर फेल होऊ शकते. लागलेला वेळ मोजताना मोनोटॉनिक घड्याळ वापरा. साधं घड्याळ मध्येच दुरुस्त होऊन मागे जाऊ शकतं.

(ऊ) क्रम आणि शेजारी

एका टेस्टने डेटाबेसमध्ये टाकलेली नोंद पुसली नाही आणि पुढची टेस्ट तिच्यावर अडखळली, असं फार वेळा होतं. अशी टेस्ट एकटी चालवली तर पास होते. म्हणून टेस्ट कोणत्या क्रमाने चालल्या ते लिहा. समांतर चालत असतील तर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला टेस्टचं नाव किंवा वर्करचा क्रमांक टाका. तसं केलं नाही तर चार टेस्टच्या ओळी एकमेकींत मिसळून जातात आणि कोणती कोणाची ते कळत नाही.

(ए) शेवट कसा झाला

प्रोग्रॅम कोसळला तर स्टॅक ट्रेस पूर्ण द्या. शेवटच्या दोन ओळी ठेवून बाकीच्या कापू नका. मूळ कारण अनेकदा मधल्या ओळीत असतं. एक्झिट कोडही लिहा. लिनक्सच्या शेलमध्ये १३९ दिसला तर प्रोग्रॅमने मेमरीत चुकीच्या जागी हात घातला, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. १३७ दिसला तर त्याला बाहेरून जबरदस्तीने बंद केलं गेलं; मेमरी संपली की असं होतं. टाइमआउट या कमांडने वेळ संपल्यामुळे थांबवलं असेल तर १२४ येतो. एक आकडा, पण शोधाची दिशा ठरवून टाकतो.

४. "फार वेळ" म्हणजे किती? पॅट्रियटची घटना

आता वर्गाबाहेरची एक खरी घटना बघू. ती टेस्ट लॅबमधली नाही, पण नोंद ठेवण्याचा धडा तोच आहे.

आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान इथे एक इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं. २८ सैनिक मरण पावले. तिथली पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा चालू होती, पण तिने येणाऱ्या स्कडचा माग धरलाच नाही. अमेरिकेच्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने फेब्रुवारी १९९२ मध्ये यावर अहवाल दिला.

कारण सॉफ्टवेअरमध्ये होतं. यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायची. ०.१ हा आकडा द्विमान पद्धतीत नेमका मावत नाही हे आपण वर पाहिलं. २४ बिटांच्या रजिस्टरमध्ये तो कापला जायचा, आणि दर वेळी सुमारे ०.०००००००९५ सेकंदाची चूक व्हायची. एवढीशी चूक! पण त्या दिवशी यंत्रणा १०० तासांपेक्षा जास्त वेळ न थांबता चालू होती. १०० तास म्हणजे ३६ लाख दशांश सेकंद. गुणाकार करा: चूक सुमारे ०.३४ सेकंदांची होते. स्कडच्या वेगाला एवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतराचा फरक पडतो. रडार चुकीच्या जागी बघत राहिलं.

ही चूक कोणालाच माहीत नव्हती असं नाही. इस्रायलकडून ११ फेब्रुवारीलाच आकडेवारी आली होती: सलग ८ तास चालल्यावर रडारची शोधकक्षा २० टक्के सरकते. बघा, ही नोंद कशी आहे. किती तास, किती टक्के, दोन्ही आकडे हजर. त्यावरून दुरुस्तीचं काम सुरू झालं. मग २१ फेब्रुवारीला पॅट्रियट वापरणाऱ्यांना संदेश गेला की यंत्रणा फार जास्त वेळ चालू ठेवली तर शोधकक्षा सरकू शकते. पण "फार जास्त वेळ" म्हणजे किती, हे त्या संदेशात नव्हतं. आठ तास? वीस? शंभर? वाचणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. दुरुस्त सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ फेब्रुवारीला, हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. पॅट्रियटला बाहेरून जोडता येणारा डेटा रेकॉर्डर होता. पण त्यामुळे यंत्रणा अचानक बंद पडेल या भीतीने अमेरिकी कमांडरांनी तो न वापरायचं ठरवलं.

आपल्या कामासाठी यातून दोन गोष्टी घ्या. पहिली, लॉगमध्ये विशेषण लिहू नका, आकडा लिहा. "मेमरी बरीच वापरली" नको, "३,८१२ एमबी" हवं. "सर्व्हर बराच वेळ चालू होता" नको, "१०३ तास" हवं. दुसरी, प्रोग्रॅम किती वेळापासून चालू आहे हीसुद्धा बदलणारी गोष्ट आहे. टेस्ट नेहमी नुकत्याच सुरू केलेल्या प्रोग्रॅमवर चालते, म्हणून साठत जाणाऱ्या चुका तिला दिसत नाहीत. दीर्घकाळ चालणारी वेगळी टेस्ट ठेवा आणि तिच्या लॉगमध्ये हा वेळ लिहा.

५. प्रोग्रॅम मेला तरी लॉग जगला पाहिजे

सगळं लिहिलं, पण प्रोग्रॅम कोसळताना शेवटच्या ओळीच गायब झाल्या तर? असं होतं. आउटपुट फाइलमध्ये वळवलेलं असेल तर ओळी लगेच डिस्कवर जात नाहीत. त्या बफरमध्ये साठतात. प्रोग्रॅम अचानक मेला की बफरही जातो, आणि नेमक्या ज्या ओळी हव्या होत्या त्याच मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या ओळीनंतर फ्लश करा, आणि टेस्ट *सुरू होताना* तिचं नाव लिहा. फक्त संपल्यावर लिहिलं तर जी टेस्ट संपलीच नाही तिचं नाव कुठेच येणार नाही.

४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांनी भरकटलं आणि नष्ट झालं. त्याच्या दिशामापक संगणकात ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत बसवताना तो मावला नाही आणि संगणक बंद पडला. मात्र बंद पडण्याआधी बिघाडाची परिस्थिती कायमस्वरूपी मेमरीत लिहून ठेवायची सोय त्यात होती. दिशामापक संगणक दोन होते, आणि जमिनीवर माहिती पाठवायची व्यवस्था फक्त आधी बंद पडणाऱ्यासाठी होती. दुसऱ्याची माहिती अवशेषांतून सापडलेल्या मेमरीतून वाचावी लागली. ती लिहिलेली होती, म्हणून वाचता आली.

याच घटनेत दुसराही धडा आहे. बंद पडताना त्या संगणकाने पाठवलेली निदानाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची खरी माहिती समजून वापरली. म्हणून लॉग आणि प्रोग्रॅमचं खरं आउटपुट यांचे रस्ते वेगळे ठेवा. लॉग स्टँडर्ड एररवर किंवा स्वतंत्र फाइलमध्ये जाऊ द्या.

६. काय लिहू नये?

सगळं लिहा म्हटलं की काही जण खरंच सगळं लिहितात. पासवर्ड, ओटीपी, एपीआय की, आधार क्रमांक, विद्यार्थ्यांचे मोबाइल नंबर हे लॉगमध्ये कधीच येता कामा नये. लॉग ईमेलने फिरतात, सर्व्हरवर वर्षानुवर्षं पडून राहतात. भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही झाला आहे. टेस्टसाठी खोटी माहिती वापरा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल छापताना निवडक छापा. सरसकट छापले तर त्यातच पासवर्ड असतो.

"इथपर्यंत आलो", "आता इथे", "हॅलो" अशा ओळीही काढून टाका. प्रत्येक ओळीने वाचणाऱ्याला काहीतरी किंमत सांगितली पाहिजे.

७. पास झालेल्या टेस्टचा लॉग ठेवायचा का?

ठेवायचा. पडद्यावर दाखवायची गरज नाही. पायटेस्टसुद्धा टेस्टने छापलेलं आउटपुट एरवी फेल झालेल्या टेस्टचंच दाखवतं. पण फाइलमध्ये जपून ठेवा. काल पास झालेल्या आणि आज फेल झालेल्या रनचे लॉग शेजारी शेजारी ठेवून तुलना केली की एखादी लायब्ररी काल रात्री बदलली हे एका ओळीत दिसतं. तुलनेला काही नसेल तर नुसत्या फेल लॉगकडे किती वेळ बघणार? जागेची अडचण असेल तर पास लॉग दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, काही आठवडे ठेवा.

८. एक नमुना

रनच्या सुरुवातीला एकदा:

रन क्रमांक: ४१२
सुरुवात: २०२५-०८-०५ २०:४५:०२ (+००:००)
मशीनचा टाइमझोन: यूटीसी, लोकेल: सी
कमिट: ९एफ३सी२१बी, कमिट न केलेले बदल: नाहीत
पायथन: ३.१२.४, लायब्ररींची यादी: सोबतच्या फाइलमध्ये
रँडम बीज: ५८२०१७, पायथनहॅशसीड: ०, वर्कर: ४

आणि प्रत्येक टेस्टसाठी:

[वर्कर २] सुरू: दंडमोजणी, पाच दिवस उशीर
[वर्कर २] इनपुट: मुदत २०२५-०८-०१, दर २ रुपये
[वर्कर २] कोडने धरलेली आजची तारीख: २०२५-०८-०५
[वर्कर २] फेल: अपेक्षित १०, मिळाले ८ (दंड फाइल, ओळ ३१)
[वर्कर २] लागलेला वेळ: ०.०४ सेकंद
[वर्कर २] एकटी चालवण्याची कमांड: पुढच्या ओळीत

शेवटची ओळ विसरू नका. फेल झालेली टेस्ट त्याच बीजाने एकटी चालवायची पूर्ण कमांड लॉगमध्ये तयार असेल, तर वाचणाऱ्याला ती फक्त कॉपी करायची असते.

९. लॉग चांगला आहे हे कसं ओळखायचं?

एक सोपी कसोटी आहे. कोडमध्ये मुद्दाम एक चूक घाला, टेस्ट चालवा आणि फक्त लॉग वर्गातल्या मित्राला द्या. तुम्हाला एकही प्रश्न विचारायची परवानगी त्याला नाही. त्याला चूक पुन्हा घडवता आली तर लॉग चांगला. तो जो पहिला प्रश्न विचारायला उठेल, त्याचं उत्तर पुढच्या वेळी लॉगमध्ये लिहा. दोन-तीन फेऱ्यांत तुमचा लॉग आपोआप सुधारेल.

स्वाध्याय

१. फेल आणि एरर यांतला फरक तुमच्या प्रोजेक्टमधलं एकेक उदाहरण देऊन सांगा.
२. ग्रंथालयाच्या उदाहरणात सर्व्हर यूटीसीऐवजी भारतीय वेळेवर ठेवला तर टेस्ट पास होईल का? मग कोडमधली चूक गेली असं म्हणता येईल का?
३. पॅट्रियटच्या घड्याळात ८ तासांनंतर किती सेकंदांची चूक साठेल ते काढा.
४. "तऱ्हा" हा शब्द दोन वेगळ्या कीबोर्डवरून टाइप करा, दोन्हींची लांबी आणि युनिकोड क्रमांक छापून बघा.
५. तुमच्या प्रोजेक्टचा शेवटचा लॉग काढा आणि वरच्या (अ) ते (ए) मुद्द्यांपैकी कोणते त्यात नाहीत त्यांची यादी करा.

दुसऱ्या प्रश्नावर वर्गात वाद होऊ द्या, त्यात खूप शिकण्यासारखं आहे. पुढच्या पाठात आपण कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्ट पाहू आणि त्यांना वठणीवर कसं आणायचं ते शिकू.